पहिलं शाईपेन किटपासून बनवताय? मग आधी निब बघा, लाकूड नंतर

किटपासून पेन बनवायचं ठरलं की जवळपास सगळेच आधी लाकूड निवडायला बसतात. अक्रोड घेऊ की मेपल, की ते रंगीत अ‍ॅक्रिलिक, की रेझिनमध्ये अर्धवट बुडवलेलं गाठीचं लाकूड, असे फोटो बघण्यात आठवडा जातो आणि किट मात्र जे दिसायला चकचकीत ते उचललं जातं. बॉलपेन बनवत असाल तर हे खपून जातं, कारण रिफिल काय, बदलली की झालं. शाईपेनाचं तसं नाही हो. ते लिहितं निब आणि निबच्या खालच्या फीडमुळे (निबपर्यंत शाई आणणारा खाचांचा तुकडा), तुम्ही लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, जे काय कराल ते त्याचं कव्हर, आणि कव्हर कितीही देखणं झालं तरी निब खरखरत असेल किंवा दर दुसऱ्या शब्दाला शाई तुटत असेल तर ते पेन मगात पडून राहणार, पाहुणे आले की दाखवायला काढायचं आणि परत ठेवायचं. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी निब, मग पकड, मग टोपण, मग प्लेटिंग (धातूच्या भागांवरचा मुलामा), आणि लाकूड सगळ्यात शेवटी.

ज्यांनी किट कधी उघडून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, लाकूड सोडून सगळं त्यात येतं. दोन पितळी ट्यूब (जाड टोपणाची, बारीक बॉडीची), निब आणि फीड बसवलेला पुढचा भाग ज्याला सेक्शन म्हणतात, आट्यांचे कपलर, मधली रिंग, क्लिप, दोन टोकांचे तुकडे म्हणजे फिनियल, शाई भरायचा कन्व्हर्टर, आणि बऱ्याचदा एक छोटी कार्ट्रिज. आपण लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून ट्यूब चिकटवायची, बाहेरून कातून हव्या त्या आकाराला आणायचं, आणि बाकीचे भाग दाबून बसवायचे. ऐकायला एवढंच आहे.

आता निब. किटमध्ये साधारण दोन साइझ दिसतात, ५ नंबर आणि ६ नंबर. ६ नंबरची निब मोठी, तिचं फीड साधारण साडेसहा मिलिमीटर जाडीचं, आणि पहिल्या पेनाला मी तरी ६ नंबरचंच किट घ्या म्हणेन, मोठी निब दिसते छान हे तर आहेच पण मुख्य म्हणजे नंतर बदलायची झाली तर चांगल्या निब सहज मिळतात. जर्मनीतल्या बॉक आणि जोवो या दोन कंपन्या जगभरच्या पेनवाल्यांना निब पुरवतात, श्मिटच्याही मिळतात, आणि किटच्या सेक्शनमधून जुनी निब ओढून काढून तिथे यातली ६ नंबरची निब सरकवली की बहुतेक वेळा बसते. फक्त नुसती निब घेताय की आट्यांच्या हाउसिंगसकट अख्खं युनिट घेताय ते बघा, कारण बॉकचे आटे जोवोला लागत नाहीत, दोन्हीवर ६ लिहिलेलं असलं तरी. किटच्या निबवर 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असं कोरलेलं दिसेल, त्याने हुरळून जाऊ नका, तेवढ्यावरून ती जर्मनीत बनली असं होत नाही आणि टोकाच्या कठीण धातूत आजकाल इरिडियम नावालाही नसतं बहुतेक. तरी सगळ्याच वाईट असतात असंही नाही, काही पहिल्याच दिवशी लोण्यासारख्या चालतात, काही अगदीच ढ. जाडी किटमध्ये बहुधा मीडियमच येते, तुमचं अक्षर बारीक असेल आणि जोडाक्षरं भरून जात असतील तर नंतर फाइन घाला.

पकडीकडे कोणी बघतच नाही. किटच्या फोटोत टोपण लावलेलं असतं, सेक्शन दिसतच नाही, आणि बोटं तर तिथेच असतात दिवसभर. चकचकीत धातूचं सेक्शन घामाने सरकतं, म्हणून काळं प्लॅस्टिकचं असेल तर ते बरं. त्याची जाडी बघा, नऊ मिलिमीटरच्या खाली गेलं की पानभर लिहिल्यावर बोटं आखडतात, दहा-अकरा बऱ्याच हातांना चालतं. सेक्शन संपून आटे सुरू होतात तिथे धारदार पायरी आहे का तेही बघा, कारण काही लोक पेन वरून धरतात आणि ती पायरी बरोबर अंगठ्याखाली येते. वजन हा अजून एक मुद्दा. दोन पितळी ट्यूब आणि वर एवढे धातूचे भाग म्हटल्यावर किटचं पेन बाजारातल्या साध्या प्लॅस्टिकच्या पेनापेक्षा जडच होणार, आणि टोपण मागे लावून लिहायची सवय असेल तर ते मागे झुकतं. म्हणून जेवढी नक्षी कमी तेवढं पेन हलकं, ते ड्रॅगन-बिगन कोरलेले किट दहाव्या पेनासाठी ठेवा.

टोपण आट्यांचं घ्या, किती फेऱ्यांत उघडतं ते विचारून घ्या, आणि आत प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर फारच छान कारण त्याने निब वाळत नाही. प्लेटिंगचं सरळ आहे, सोनेरी मुलामा सगळ्यात आधी उडतो, क्रोम बरं, ऱ्होडियम आणि टायटॅनियम टिकतात. सोनेरी रंगच हवा असेल तर टायटॅनियमचं सोनेरी मिळतं ते घ्या.

अजून एक, किटबरोबर त्याच किटचे बुश आणि त्याच मापाचे ड्रिल बिट लागतात. बुश म्हणजे लाकडाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या धातूच्या रिंगा, ज्यांच्या मापापर्यंत कातायचं असतं. प्रत्येक किटचे वेगळे. म्हणून दर वेळी नवीन डिझाइन घेत बसलात तर किटपेक्षा बुश आणि बिटवरच जास्त खर्च होईल, एक किट पकडा आणि पहिली चार-पाच पेनं त्याचीच करा. ज्युनियर जेंटलमनसारखी किटं सुरुवातीला बरी पडतात ती यामुळेच, एकच बॉडी शाईपेन आणि रोलरबॉल दोन्हीला चालते, फक्त सेक्शन बदलायचं.

किट हातात आलं की लेथकडे जाऊ नका. आधी सेक्शन बाहेर काढा, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकून कन्व्हर्टरने चार-पाच वेळा पाणी आतबाहेर करा, मग नुसत्या पाण्याने. फॅक्टरीतलं तेल फीडवर राहिलेलं असतं आणि नवीन पेन चालत नाही अशी जी तक्रार असते त्यातल्या बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात. मग शाई भरून तसंच, बॉडीशिवाय, सेक्शन बोटात धरून पानभर लिहा. विचित्र दिसतं पण निबची परीक्षा इथेच होते आणि पुढे निब बदलायची की नाही ते लाकडाला हात लावायच्या आधी कळतं.

काय बघायचं? शाई खाली येते तेवढी हवा फीडच्या खाचेतून वर जायला लागते, नाहीतर प्रवाह अडतो. अमेरिकेतल्या लुइस वॉटरमनने १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते या फीडच्याच रचनेचं, आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. तर लिहिता लिहिता रेघ फिकट होत होत बंद पडत असेल तर फीड किंवा निबची चीर तपासायची. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, निब समोरून बघा, टोकाचे दोन पाय एका पातळीत हवेत, एक वर एक खाली असेल तर निब एका दिशेला ओढताना खरखरते आणि दुसऱ्या दिशेला नाही. वर आलेला पाय अंगठ्याच्या नखाने हळूच खाली दाबायचा, परत बघायचं, परत दाबायचा, घाई केली की निब वाकते. सगळ्याच दिशांना खरखरत असेल तर १२००० ग्रिटच्या मायक्रोमेशवर (अगदी बारीक पॉलिश पेपरसारखं कापड) इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखी चार-पाच वेळा फिरवा, निबमध्ये शाई असताना आणि हाताचा दाब अजिबात न देता, आणि लगेच कागदावर लिहून बघा. जास्त घासलं तर टोक इतकं गुळगुळीत होतं की पहिली रेघ उमटतच नाही, आणि गेलेला धातू काही परत येत नाही. चीर अगदी बंद असेल, उजेडात धरून जराही फट दिसत नसेल, तर पितळेचा पातळ पत्रा हळूच एकदा-दोनदा त्यातून फिरवला तरी फरक पडतो.

निब पास झाली की सेक्शन धुऊन, कोरडं करून डबीत ठेवून द्या. धुळीत नको.

आता लाकूड. पहिल्याला घट्ट, बारीक पोताचं, वाळलेलं आणि तेलकट नसलेलं घ्या, म्हणजे अक्रोड, मेपल, चेरी असलं काहीतरी. एबनी दिसायला राजेशाही असतं पण ड्रिल आणि पॉलिश पेपरच्या उष्णतेने तडकतं, तेही कधी कधी पेन तयार झाल्यावर. शिसवासारखं तेलकट लाकूडच हवं असेल तर चिकटवण्याआधी भोकात आणि नंतर फिनिशच्या आधी बाहेरून अ‍ॅसिटोनने पुसा, नाहीतर ग्लू धरत नाही. ओलसर लाकूड नकोच, ते वाळताना आकसतं, आतली पितळी ट्यूब काही आकसत नाही, मग चीर पडते. अ‍ॅक्रिलिकला हा त्रास नाही पण त्याचे टवके उडतात, हत्यार चांगलं धारदार लागतं, आणि अर्धपारदर्शक असेल तर आतली पितळ दिसते, म्हणून ट्यूबला आधी बाहेरून रंग द्यावा लागतो.

ठोकळा साधारण १९ मिलिमीटर चौरस आणि १३० मिलिमीटर लांब मिळतो. कापायच्या आधी चारातल्या एका बाजूवर लांब रेघ मारून टोपणाकडे बाण काढा, म्हणजे दोन तुकडे झाल्यावर रेषा कुठली कुठे जुळते ते कळतं, नाहीतर बंद केलेल्या पेनावर लाकडाचे पट्टे एकमेकांशी भांडताना दिसतात. प्रत्येक तुकडा ट्यूबपेक्षा तीनेक मिलिमीटर लांब कापा.

ड्रिलिंगला वेळ द्या. वेग कमी ठेवा, पाचशे-सहाशे आरपीएमच्या आसपास, एक-दीड सेंटिमीटर आत गेलं की बिट पूर्ण बाहेर काढून भुसा झटका, परत आत. भुशाचा रंग गडद व्हायला लागला किंवा जळका वास आला तर थांबायचं, गार होऊ द्यायचं. सगळ्यात जास्त ठोकळे फुटतात ते बिट दुसऱ्या बाजूने बाहेर येताना, कारण मागे आधार नसतो. त्यावर सोपा उपाय, तुकडा अजून सेंटिमीटरभर लांब ठेवा, भोक आरपार पाडूच नका आणि शेवटचं बंद टोक करवतीने उडवा. भोक पडलं की ट्यूब नुसती घालून बघा, जोर न लावता जायला हवी पण खुळखुळायला नको.

ट्यूबची चकाकी १५० च्या पॉलिश पेपरने मोडा, गुळगुळीत पितळेवर काहीच टिकत नाही. मग बटाट्याची जाडसर चकती घ्यायची आणि ट्यूबचं टोक त्यात दाबायचं, आत बटाट्याचं बूच बसतं आणि ग्लू ट्यूबमध्ये शिरत नाही, नंतर ते बूच काडीने ढकलून काढायचं, वाळायच्या आत काढा म्हणजे झालं. चिकटवायला मी सुपरग्लूपेक्षा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा ग्लू) पसंत करतो, कारण सुपरग्लू ट्यूब अर्ध्यात असताना पकडला की ती ना पुढे जात ना मागे येत. इपॉक्सी भोकात आणि ट्यूबवर दोन्हीकडे लावा, ट्यूब गोल फिरवत फिरवत आत न्या, दोन्ही बाजूंना लाकूड थोडं बाहेर राहील अशी ठेवा आणि रात्रभर विसरा.

दुसऱ्या दिवशी टोकं काटकोनात आणायची. त्यासाठी पेन मिल म्हणून एक कटर येतो, त्याचा दांडा ट्यूबमध्ये जातो आणि पाती लाकूड खरवडतात. टोकाला पितळेची गोल कडा सगळीकडून सारखी चमकली की थांबा. तिथून पुढे तुम्ही ट्यूबच आखूड करताय, आणि बॉडीची ट्यूब आखूड झाली की कन्व्हर्टर मागे टेकतो आणि सेक्शन पूर्ण बंदच होत नाही. काटकोन नीट नसेल तर रिंग आणि लाकडाच्या मध्ये एका बाजूला फट राहते, ती कुठल्याही पॉलिशने लपत नाही.

लेथवर चढवण्याआधी चष्मा, मास्क, बाह्या वर, गळ्यातलं काढून ठेवा. मॅन्ड्रेलवर, म्हणजे तुकडे ओवायच्या लेथच्या बारीक दांड्यावर, बुश, तुकडा, बुश असं लावून नट हातानेच आवळा. पान्याने आवळलात किंवा टेलस्टॉक (लेथचा दुसऱ्या टोकाचा आधार) जोरात दाबलात की मॅन्ड्रेल धनुष्यासारखा किंचित वाकतो आणि तुकडा अंडाकृती कातला जातो, मग बसवल्यावर एका बाजूला लाकूड रिंगच्या वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. कोपरे जाईपर्यंत वेग हजारच्या आसपास, गोल झालं की दोन-अडीच हजार. रफिंग गाऊजने (सुरुवातीला कातायची पन्हळीसारखी पटाशी) मधून टोकांकडे जा, टोकांकडून मध्ये नको, कडा उडतात. बुशपासून अर्धा मिलिमीटर उरलं की धार लावून घ्या आणि हलक्या हाताने शेवटचे छिलके काढा.

इथे बुशवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ते दर पेनाला पॉलिश पेपरने थोडे थोडे झिजतात, आणि किटचे भागही सगळे अगदी एका मापाचे येत नाहीत. व्हर्निअरने किटमधली प्रत्यक्ष रिंग, कपलर, फिनियल मोजा, कागदावर लिहा, आणि त्या मापाला काता. वर सुपरग्लूचं फिनिश चढवणार असाल तर त्या थराची जागा सोडा, म्हणजे लाकूड केसभर खाली.

पॉलिश पेपर १५०, २२०, ३२०, ४००, ६०० असा क्रमाने, प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून लाकडाच्या रेषेच्या दिशेने हाताने एकदा घासा, नाहीतर गोल ओरखडे फिनिशखाली भिंगातून बघितल्यासारखे दिसतात. मेपलसारखं पांढरं लाकूड असेल तर पेपर बुशला लागू देऊ नका, धातूची काळी पूड लाकडात जाते आणि टोकं मळकट होतात.

फिनिश म्हणून मेण किंवा फ्रिक्शन पॉलिश दोन मिनिटांत मस्त चमकतं, पण पेन रोज घामट हातात असतं, काही महिन्यांत ते मंद होतं. टिकाऊ हवं तर सुपरग्लूचे पातळ थर, आठ-दहा, प्रत्येक वाळू देऊन. पेपर टॉवेलच्या घडीवर दोन-तीन थेंब घेऊन फिरत्या लाकडाखालून झरकन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. कापड कधीच नको, फिरत्या लेथमध्ये कापड अडकलं तर बोटही त्याबरोबर जातं, शिवाय सुती कापडावर सुपरग्लू सांडला की एवढा तापतो की भाजतं. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांत जाते. वाळवायच्या स्प्रेचा मारा केला तर थर पांढुरका होतो, त्यापेक्षा थांबा. शेवटी मायक्रोमेशने पाण्यात भिजवून १५०० पासून १२००० पर्यंत. बुश लाकडाला चिकटले असतील तर जोड ब्लेडने अलगद कापून मगच सोडवा.

जोडणी करताना सगळे भाग कागदावर ज्या क्रमाने बसणार त्या क्रमाने मांडा, कारण एकदा दाबून बसलेला भाग सुखरूप निघत नाही. ट्यूबच्या आत वाळलेला ग्लू असेल तर गोल कानसेने साफ करा, तो राहिला तर भाग तिरपा जातो आणि पातळ टोपण तिथेच तडकतं. शेगड्याच्या (बेंच व्हाइसच्या) जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावून हळूहळू दाबा, थोडं दाबा, तुकडा थोडा फिरवा, परत दाबा. निबवालं सेक्शन यात कुठेही नाही, ते सगळं झाल्यावर हाताने फिरवून बसवायचं. एखादा भाग सैल बसला तर इपॉक्सीचा बारीक ठिपका, सुपरग्लू नको, बंद टोपणात त्याची वाफ साचून प्लेटिंगवर पांढरी पावडर बसते.

शाई साधी, पाण्याने धुता येणारी, शाईपेनासाठीच बनवलेली घाला. चित्रकलेची इंडियन इंक नको, त्यात बऱ्याचदा शेलॅक म्हणजे लाख असतं आणि ते फीडमध्ये वाळलं की फीड गेलंच समजा. भरून झालं की टोपण लावून पेन दोन दिवस आडवं ठेवा आणि मग लिहून बघा. लगेच चाललं तर उत्तम. नाही चाललं तर टोपण काढून त्याच्या उघड्या तोंडातून फुंकर मारा, हवा दुसरीकडून सुटत असेल तर क्लिपजवळ गळती आहे, तिथे आतून इपॉक्सीचा थेंब काडीने लावून एक दिवस वाळू द्या. हवा सुटत नसेल आणि तरी निब वाळत असेल तर टोपण पूर्ण बंद होतंय का ते आट्यांकडे बघून तपासा, बऱ्याचदा कपलर थोडा जास्त किंवा कमी दाबला गेलेला असतो.